दादानं गोळी सोडली तेव्हा

माझं काम घरबसल्या चालतं, वाशीममधल्या आमच्या दोन खोल्यांतून. एखादं वैद्यकीय संशोधन छापून आलं की इंटरनेटवर त्याची चर्चा किती झाली, हे पुण्याची एक कंपनी मोजते. बातम्या, व्हिडिओ, पोस्टी संगणक गोळा करतो. त्यातल्या मराठी आणि हिंदी माझ्याकडे येतात. मी उघडून बघते, खरंच त्या संशोधनाबद्दल आहेत का ते ठरवते, योग्य रकान्यात टाकते. सगळ्याचा मिळून एक आकडा होतो. लोकांचं लक्ष किती गेलं, एवढंच तो सांगतो. त्यांना काय समजलं, हे त्यात कळत नाही. व्हॉट्सअॅप तर मोजणीत येतच नाही.

त्या आठवड्यात रक्त पातळ ठेवणाऱ्या एका गोळीवरच्या संशोधनाचा आकडा भराभर चढत होता. ज्यांना हृदयविकार कधी झालाच नाही, त्यांनी ती रोज घ्यावी का, एवढाच त्यातला प्रश्न. एका व्हिडिओवाल्यानं ‘ज्यांना झालाच नाही’ हे गाळलं आणि लाल अक्षरांत लिहिलं: ही गोळी आजच बंद करा. मी ‘अर्थ चुकीचा’ अशी खूण केली आणि पुढचं उघडलं.

दुपारी वहिनीला फोन केला. माझं माहेर शिरपूर जैनजवळ, भाजीपाल्याचं. दादाच्या हृदयात गेल्या वर्षी स्टेंट बसवली, तेव्हापासून त्याला हीच गोळी रोज आहे.

“तुह्या दादानं सोडली ना ते गोळी,” वहिनी म्हणाली. “मेथीच्या जुड्या बांधता बांधता व्हिडिओ पाह्यला सगळ्यायनं.”

मी दादाच्या वाशीमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “आजच सुरू करा आणि त्यांना इकडे घेऊन या. स्टेंटमध्ये गाठ झाली तर वेळ मिळत नाही.” मी मिळाली ती बस पकडली. वाटेत फोन वाजला. वहिनीचा असेल या भीतीनं तो पर्समधून काढवेना. काढला तर कंपनीचा होता.

दादा वावरात वाकून पाइप जोडत होता. उठताना त्याचा तोल जरासा गेला आणि मी धावले. चिखलात पाय सरकला होता, एवढंच.

“गोळी काहून सोडली?”

“आली का मोजणीवाली!” तो हसला. “एक ओळ सोडून पाह्यली, बाई.”

आमच्याकडे नवं औषध आलं की सगळ्या वावरावर मारत नाहीत. एक ओळ मुद्दाम सोडतात. सोडलेली आणि फवारलेली सारखीच दिसली, तर औषधाचा खर्च वाया. वडिलांपासूनची ही रीत, आणि भाजीसाठी चांगलीच. दादानं ती स्वतःवर लावली होती.

“मले काही झालं का? कालच टमाट्याचे कॅरेट उचलले.”

“तू काय वांग्याचं झाड आहे?”

“झाड बरं. ते तुह्यासारखं बोंबलत नाही.”

“झाड आधी पानं टाकते, दादा. पाहाले टाइम भेटते. तुले काही दिसाचं नाही. सरळ पडशीन.”

त्याचं हसू गेलं. वहिनीनं पाणी आणि गोळी आणली. त्यानं ती माझ्यासमोर गिळली.

वाशीमच्या दवाखान्यात त्याला आत घेतलं. मी बाहेर बसून पुढची कामं मनात लावत होते, पण दुसऱ्या कामाच्या पुढे जाता येईना. शेवटी डॉक्टर बाहेर आले. “सध्या तरी ईसीजीची पट्टी ठीक आहे. पण हे नशीब समजा.”

मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात दादाचा आवाज आला. एका हातात फोन स्पीकरवर धरून, दुसऱ्यानं शर्टाची बटणं लावत तो घरी बोलत होता.

“काहीच निघालं नाही! इतके दिवस गोळी नाही, तरी एकदम फिट!”

नशिबाचं त्यानं सांगितलंच नाही. पलीकडून वहिनी ओरडली, “आयकलं का काका?” काका म्हणजे आमचे शेजारी, जुड्या बांधायला येतात. त्यांना लकवा येऊन गेलाय, आणि त्यांनाही तीच गोळी आहे.

“मंग मी बी कायले घेऊ?” काकांचा आवाज स्पष्ट आला.

मी दादाच्या हातातून फोन ओढला. “वहिनी, काकाले फोन दे.”

“ते तर उठले. वावराकडं गेले.”

“जुड्या टाक खाली,” मी ओरडले. दवाखान्यातले सगळे बघू लागले. “टाक अन् त्यायच्या मांगं धाव.”