तीन वाजताची खुर्ची

कळसाडीच्या गिरधर पाटलांच्या घरात निळ्या प्लास्टिकच्या तीन खुर्च्या आहेत. दोन ओट्यावर असतात, त्या पुरुषांच्या. तिसरीचा पाय तापवून चिकटवलेला आहे, ती आत गजराबाईंच्या खाटेजवळ असते. रोज दुपारी तीन वाजता त्या खुर्चीवर बसून थोरली सून दीपमाला सासूला पेपर वाचून दाखवते. गजराबाईंची नजर काचबिंदूनं गेली त्याला बारा वर्षं झाली आणि या खुर्चीलाही तेवढीच.

दीपमालाला बाकी दिवसभर कोणी विचारत नाही. भाकरी वेळेवर झाली तर ती आपोआपच झालेली असते आणि उशीर झाला तर तो दीपमालामुळे असतो. तीन ते चार हा एकच तास असा, की घरातलं सगळ्यांत करडं माणूस तिच्या तोंडाकडे कान लावून बसतं. आता सांगा, असा तास कोण सोडेल?

वाचनाच्या बाबतीत या घरात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. दीपमालाचा नवरा गिरधर फक्त कापसाचा भाव वाचतो आणि पेपर टाकून देतो. धाकटा दीर नवनीत जे काही वाचतो ते मोबाइलवर, तेही निम्मं. गजराबाईंना आधी निधनवार्ता लागते, मग भाव, मग चोऱ्या, मग रविवारच्या पुरवणीतली गोष्ट. निधनवार्तेत मात्र त्या हटकून विचारतात, "कितला वरीसनी व्हती?" सासू बहात्तरची, म्हणून दीपमाला मेलेल्या प्रत्येक बाईचं वय परस्पर दहा-बारा वर्षांनी वाढवते. पासष्टची बाई तिच्या तोंडून सत्त्याहत्तरची होऊन मरते आणि गजराबाई निवांत होतात. हा मीठमसाला बारा वर्षांत कोणाला कळला नाही. दीपमाला पुरवणीतली गोष्टसुद्धा पटली नाही तर वाचता वाचता वळवायची.

अशा या बिनतक्रार संसारात धाकटी जाऊ आली. स्वप्नाली, शहाद्याची, डी.एड. झालेली, अंगानं बारीक आणि आवाजानं गोड. दीड वर्ष दोघींचं बरं चाललं. मग प्रकाशा गावाच्या रस्त्यावर इंग्रजी माध्यमाची नवी शाळा निघाली, तिथे शिक्षिका पाहिजेत असं कळलं, आणि दिवाळीनंतर स्वप्नालीनं शहाद्याला हेमकांत सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला.

या सरांच्या क्लासमध्ये पहिला धडा 'माझी वाचनाची आवड' हा असे. चाळीस जण उभे राहून एकच उत्तर पाठ म्हणत: मला वाचनाची फार आवड आहे, मी थोर लोकांची चरित्रं वाचतो. त्यांतल्या एकानंही चरित्र हातात धरलेलं नव्हतं, पण इंग्रजीत खोटं बोललं तर पाप लागत नाही असा लोकांचा समज असतो. सरांचा दुसरा नियम जास्त कडक होता. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायचं, अर्थ शोधत बसायचं नाही, जीभ आधी वळू द्यायची. आणि एकटं वाचायचं नाही. समोर ऐकणारं माणूस पाहिजेच.

ऐकणारं माणूस घरात कोण? नवनीत पाच मिनिटांत घोरायला लागला. मग एक दिवस दीपमाला तीन वाजता हात पुसत आत गेली, तर तिच्या खुर्चीवर स्वप्नाली. हातात इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचं एक पातळसं गोष्टीचं पुस्तक. खाटेवर गजराबाई हनुवटीखाली हात धरून ऐकत बसलेल्या.

"काय गोड वाचस वं पोर," सासू म्हणाली. "माले काही समजस नही, पन कानले बरं लागस."

दीपमाला पेपर घेऊन दारात उभी राहिली. तिला वाटलं, दहा मिनिटांत होईल. अर्धा तास झाला. मग गजराबाईंना झोप आली आणि त्या दिवशी निधनवार्ता वाचायच्या राहिल्या. बारा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दीपमाला पावणेतीनलाच जाऊन खुर्चीवर बसली, तर सासूच म्हणाली, "तिले बसू दे ना माय. पोरनी परीक्षा शे."

तेव्हा दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःला अर्थ न कळणारं तिनं वाचायचं, एक अक्षर न कळता सासूनं ऐकायचं, आणि आपण शुद्ध मराठी घेऊन दारात ताटकळायचं! रात्री भांडी घासताना तिनं स्वप्नालीचा चहाचा कप इतक्या जोरात आपटला की त्याचा कान तुटला. वाईट वाटलं का? नाही वाटलं. बरं वाटलं.

पण दीपमाला नुसती जळत बसणारी बाई नाही. चौथ्या दिवशी ती पेपर न घेता गेली आणि स्वप्नालीच्या मागे उभी राहून पुस्तकात डोकावली. चित्रात हॅट घातलेली एक बाई होती, हातात टोपली, भोवती बाजाराची गर्दी.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "अर्थ सांगू का?"

"तुले येस का वं इंग्रजी?"

"बारावीले व्हतं ना."

होतं खरं, त्यात तिला पस्तीस गुण पडले होते. पण गजराबाईंना गुण कुठे माहीत! "सांग ना मंग, काय लिखेल शे," म्हणून त्या खाटेवर सरकल्या आणि आपल्या पायथ्याशी थोरल्या सुनेला जागा करून दिली. खुर्ची नाही, पण खाट तर मिळाली.

स्वप्नाली एक पान वाचायची आणि थांबायची. मग दीपमाला सांगायची. तिचे मामा सातपुड्यात मोलगीला शिक्षक होते, लहानपणीच्या सुट्ट्या तिनं तिथल्या आठवडी बाजारात घालवल्या होत्या, त्यामुळे बाजार म्हटला की तिला तो एकच दिसे. चित्रातली बाई टोपलीत आमचूर घेऊन निघाली. डोंगर उतरली. जीप थांबतात तिथल्या दगडाजवळ तिची बसायची जागा, वीस वर्षांची.

"नाव काय तिन्हं?"

दीपमाला क्षणभर अडली. "काली. कालीबाई."

"तठे बी कालीबाई ऱ्हास का?"

"सगळीकडे ऱ्हास, आत्या."

स्वप्नालीनं पुस्तकातून मान वर करून जावेकडे पाहिलं, आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

आणि मग त्या बाजारात एक दुसरी बाई आली. तरुण, गोड बोलणारी, चकचकीत नवा तराजू घेऊन आलेली. गिऱ्हाईक तिच्याकडे वळायला लागलं. ती काही वाईट करत नव्हती, हसून बोलायची, एवढंच. पण कालीबाईला घास गोड लागेना. तिनं दुसरीच्या आमचुरात खडे असल्याची आवई उठवली. तिच्या तराजूला नजर लागावी म्हणून काय काय केलं. गजराबाई खदाखदा हसायच्या, मधेच "बरं करं!" म्हणायच्या, आणि रोज विचारायच्या, "मंग काय झायं?"

हे ऐकताना दीपमालाला स्वर्ग दोन बोटं उरायचा. पण ते चारपर्यंतच. चार वाजता सासू हात पुढे करायची आणि तो हात खुर्चीवर बसलेल्या स्वप्नालीच्या डोक्यावरून फिरायचा. "तुन्ह्या तोंडमा सरस्वती शे," असं म्हणायची. गोष्ट दीपमालाची आणि सरस्वती दुसरीच्या तोंडात! ती तणतणत स्वयंपाकघरात जायची.

फाल्गुनात शाळेतून फोन आला. गुरुवारी सकाळी मुलाखत. बुधवारी तीन वाजता गजराबाईंनी आधी स्वप्नालीच्या हातावर गूळ ठेवला, मग वाचन सुरू झालं. कालीबाई त्या दिवशी बाजारात पोचली तर तिच्या दगडाजवळ दुसरीचं पोतं पसरलेलं. वीस वर्षांची जागा गेली होती.

"मंग?" गजराबाई पुढे वाकल्या. स्वप्नालीही वाकली.

दीपमालानं दोघींकडे पाहिलं. गुळाचा खडा अजून स्वप्नालीच्या मुठीत होता. दीपमालाला बारा वर्षांत कधी कोणी गूळ दिला नव्हता.

"पुढलं माले समजस नही," ती म्हणाली आणि उठली.

"आज काबर बंद करं वं?" सासू मागून ओरडली. दीपमाला तोवर स्वयंपाकघरात पोचली होती. गुरुवारी सकाळी स्वप्नाली पाया पडायला आली तेव्हा तिनं तोंडदेखला आशीर्वाद दिला आणि मनात म्हटलं, नको होऊ दे हिचं. मग ती घाबरली. मग पुन्हा म्हटलं, नकोच होऊ दे.

स्वप्नाली दोन वाजता परतली. नोकरी लागली होती. नवनीतनं पेढ्यांचा पुडा फोडला, गिरधरनं ओट्यावरूनच शाबासकी दिली. दीपमालानं पेढा घेतला आणि न खाताच फळीवर ठेवून दिला.

तीन वाजले. स्वप्नाली आत आली, पण खुर्चीवर बसली नाही. ती दीपमालाच्या समोर उभी राहिली.

"ताई, त्यास्नी माले इचारं, तुमले काय वाचाले आवडस?"

"मंग म्हनी ना थोर लोकांची चरित्रं?"

"मन्हं पाठांतर सगळं इसराई गयं. एक शब्द आठवेना." स्वप्नालीच्या कपाळावर अजून घाम होता. "मंग मी कालीबाईनी गोष्ट सांगी दिधी. इंग्रजीमा. तोडकंमोडकं, पन थांबनू नही. पहिल्यांदा पाठ नसेल असं बोलनू मी, ताई."

दीपमालाच्या छातीत कोणी तरी काही तरी उपटून नेल्यासारखं झालं. गोष्टही गेली तर! खुर्ची नेली, सासूचा हात नेला, आता कालीबाईसुद्धा तिच्या नावावर नोकरीला लागली.

"पुस्तकनी गोष्ट सांगी तू," ती रुक्षपणे म्हणाली. "त्यामा मन्हं काय?"

स्वप्नाली हसली. "पुस्तकमा ती बाई हरायेल मांजर शोधी ऱ्हायनी, ताई. माले तुम्ही सांगाले लागनात तवाच समजनं."

दीपमालाचे कान तापले. खाटेवरून गजराबाई म्हणाल्या, "कोन्हं मांजर?"

"मंग बोलनी काबर नही?" दीपमालानं जावेला विचारलं.

"माले बी ऐकनं व्हतं ना," स्वप्नाली म्हणाली. "तठे बाईंनी इचारं, मंग शेवटी काय झायं? त्या कालीबाईले जागा भेटनी का? मी सांगं, माले माहीत नही. मन्ही जेठानीनी अजून सांगेल नही. त्या सगळ्या हासनात. म्हणे सोमवारी कामवर ये आनि शेवट सांग." तिनं खुर्ची दीपमालाकडे सरकवली. "सांगा ना, ताई. काय झायं?"

आणि स्वतः वही उघडून खाली फरशीवर बसली.

दीपमाला खुर्चीवर बसली. चिकटवलेला पाय नेहमीप्रमाणे करकरला. सासूचा कान तिच्याकडे, जावेचं पेन तिच्याकडे. गेले कित्येक दिवस तिनं या क्षणासाठी जीव टाकला होता, आणि शेवटही तिनं ठरवून ठेवला होता: दुसरी बाई जीपमधून उतरताना घाटात पाय घसरून पडते, तराजू दरीत जातो, बाजार पुन्हा कालीबाईचा. रोज रात्री चूल सारवताना तिनं दुसरीला दरीत ढकललं होतं.

तिनं बोलायला तोंड उघडलं. समोर स्वप्नाली वहीवर वाकून बसली होती. सोमवारपासून ही सकाळी आठला जाणार आणि पाचला येणार. तीन वाजता इथे कोणी नसेल. खुर्ची आपलीच असेल, रोज, मोकळी. पेपर, निधनवार्ता आणि कापसाचा भाव. दीपमालाला एकदम चीड आली, कशाची ते तिलाच नीट कळेना.

"त्या दुसरीनं काय झायं?" गजराबाईंनी काठी आपटली. "मरनी का ती?"

"नही," दीपमाला म्हणाली. "तठेच शे ती अजून. जास नही."

"आनि कालीबाई?"

"तिन्हा जीव जळस. रोज जळस." दीपमालानं नाक ओढलं. "पन दुसरीले येवाले उशीर झाया, की रस्ताकडे देखत बसस."

स्वप्नालीनं ते वहीत लिहून घेतलं, आधी मराठीत.