भाऊबीजेचं पदक

आज भाऊबीज. आमटीसाठी भिजवलेल्या चिंचेचा वास आला आणि मला मांडवगणची आत्या दिसली. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या थोरल्या भावाचं पदक ती दर भाऊबीजेला चिंचेनं घासायची, पाटावर ठेवून ओवाळायची.

जुनी पदकं जमवायचा नाद मला तेव्हाच लागला होता. “आत्या, घासून घासून मागचं नाव झिजलं की!” मी एकदा म्हणालो.

“झिजू दे रं. त्याला शेवटची आंघोळ घालाया कुणी न्हवतं. म्हून मी घालते.”

आता आत्या नाही. पदक माझ्या संग्रहात, मखमलीवर आहे. घामानं डागळू नये म्हणून मी ते हातमोजे घालूनच उचलतो. आत्या गेल्यापासून त्याला माणसाचा हात लागलेला नाही.