मले नोकरी लागली, पण कामाले येऊ नका म्हणे

दिव्यांगांसाठी जागा हाये असा फोन आला, म्हणून आज मंगरूळपीरच्या एका कारखान्यात गेलो होतो. माह्या डाव्या पायाले पोलिओ हाये, लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर लावून चालतो. मेडशीत मी शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो.

तिथल्या सायबानं कामाचं काहीच विचारलं नाही. कोपऱ्यात एक जळकी मोटार पडली होती. मी म्हटलं, "पाहू का?"

"राहू द्या, तुमी कायले तरास घेता?"

मंग मले मशीनजवळ उभं केलं. "पँट जरा वर घ्या, कॅलिपर दिसलं पायजे." फोटो काढला, दिव्यांग कार्डाची झेरॉक्स ठेवून घेतली, तीन सह्या घेतल्या. कागद वाचाले मागतला तं सायबानं फाइलच बंद केली.

"उद्या किती वाजता येऊ?"

"यायची गरज नाही. तुमचं नाव लागलं."

एसटीत बसल्यापासून तेच डोक्यात घुमून राह्यलं. मी घरी, तं तिथं माह्या नावानं हजेरी कोण लावन?

तुमच्यापैकी कोणाचा असा फोटो काढला काय? खरं सांगा.

मी तं उद्या पहिल्या एसटीनं चाललो, औजारांची पिशवी घेऊन.