टायगर मॉथची पुढची सीट

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार मराठी माणसं दर शनिवारी एकाच टेबलाभोवती बसायला लागली, की ते आपोआप साठत जातात. त्यातून टेबलावर खाण्याऐवजी विमान असेल, तर विचारायलाच नको! आता कोणाकडे जेवायला गेलो, की पानं मांडायच्या आधीच "अगं, तो मुंग्यांचा सांग ना!" अशी फर्माईश येते.

आधी मंडळी सांगते. दिघेकाका, वय चौऱ्याऐंशी, सिंगापूरला बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत मुलाकडे, निखिलकडे राहणारे. तरुणपणी विदर्भातल्या एका फ्लाइंग क्लबात ते सहा वर्षं मेकॅनिक होते. क्लबाकडे ब्रिटिश बनावटीचं एक टायगर मॉथ होतं. एकावर एक असे दुहेरी पंख, पंखांवर ताणून बसवलेलं कापड आणि उघड्यावर एकामागे एक दोन सीटा. दुसरी प्रज्ञा कांबळे, बुओना व्हिस्टाला संशोधन करते, मूळ नागपूरची. काकांचे लाड करायचे आणि काकांना दम द्यायचा, ही दोन्ही खाती तिच्याकडे. तिसरा माझा नवरा अजित, सांगितलेलं काम नेहमी दीडपट करणारा. आणि मी माधवी, पाया लेबारच्या एका बँकेत रिस्क विभागात आहे. म्हणजे मला पगार घाबरण्याचा मिळतो!

काका मार्चमध्ये कायमचे नागपूरला लेकीकडे जाणार होते. त्याआधी आम्हाला त्यांच्या टायगर मॉथचं मॉडेल करून उडवायचं होतं. चार फुटी, रिमोटवर चालणारं. हातात सात महिने होते आणि आमच्यापैकी कोणी आयुष्यात पतंगसुद्धा धड उडवला नव्हता.

*

पहिला प्रश्न जागेचा. निखिलच्या कॉन्डोची फंक्शन रूम अॅपवरून बुक करावी लागते आणि कारण निवडावं लागतं. बर्थडे, बार्बेक्यू, मीटिंग. "विमान बांधणे" हा पर्याय कोणी दिलेला नव्हता. अजितने "बर्थडे" दाबलं आणि दीडपट काम म्हणून पुढचे सगळे शनिवार बर्थडेच दाबून टाकलं.

दुसऱ्याच शनिवारी कॉन्डोची मॅनेजर बाई पाहणीला आली. टेबलावर लाकडी पट्ट्या, टाचण्या, डिंकाच्या बाटल्या. केक नाही, फुगा नाही. तिने विचारलं, "हूज बर्थडे?"

आम्ही सगळ्यांनी एकदम काकांकडे बोट दाखवलं. काकांनी हातातली कानस खाली ठेवली, चष्मा काढला आणि अशा काही संकोचाने हसले, की बाईंनी स्वतःच "हॅपी बर्थडे" सुरू केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

गेटवरचे गार्ड अंकल मात्र पक्के होते. ते दर शनिवारी यादी बघायचे, मान हलवायचे आणि सातव्या शनिवारी त्यांनी काकांना थांबवून विचारलं, "अंकल, यू एव्हरी वीक बर्थडे, आह? आफ्टर धिस यू हंड्रेड अँड फिफ्टी, लाह!"

काका म्हणाले, "येस, येस. यू ऑल्सो कम फॉर केक."

त्या दिवसापासून आम्हाला दर शनिवारी खरोखरच केक आणावा लागला.

*

पंखांचं काम वाटून घेतलं होतं. एक बाजू आमच्या घरी, दुसरी प्रज्ञाच्या घरी. काकांनी दोघांनाही पंखाच्या नकाशाची एकेक प्रत दिली. नकाशा टेबलावर पसरायचा, त्याच्यावरच पट्ट्या टाचायच्या आणि चिकटवायच्या, अशी पद्धत. सहा आठवडे आम्ही जीव ओतला. अजित तर ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी पंखाकडे जायचा. माझ्याकडे इतक्या ओढीने तो कधी आल्याचं मला आठवत नाही.

पंख तयार झाले. शनिवारी दोन्ही घरांचे पंख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. 

दोन्हीकडचे पंख डावे होते.

प्रज्ञा, जिचे शोधनिबंध जगभर वाचले जातात, ती मान वाकडी करून म्हणाली, "उलटा करून लागत नाही का?"

"लागेल ना," काका म्हणाले. "मग विमानही उलटं उडवू."

तेव्हा काकांनी सांगितलं, की नकाशात नेहमी एकच बाजू छापलेली असते. दुसऱ्या बाजूसाठी कागदाला तेल चोळायचं. कागद आरपार दिसायला लागतो. मग तो पालथा घालायचा आणि त्यावर उजवा पंख करायचा.

मी विचारलं, "काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"इतकी शिकलेली माणसं तुम्ही! मला वाटलं, एवढं तरी येत असेल."

*

हा तो मुंग्यांचा. उजवे पंख करायचं आमच्यावर आलं. कागदाला तेल लावायचं, पण कोणतं ते काकांनी सांगितलं नव्हतं. दिवाळी नुकतीच झाली होती आणि चकल्या तळून उरलेलं तेल घरात होतं. टाकून देण्यापेक्षा बरं, म्हणून मी तेच चोळलं. नकाशा सुंदर आरपार दिसायला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अजित ओरडला, "माधवी, पंख हलतोय!"

पंख हलत नव्हता. सोळाव्या मजल्यावर कुठून आल्या कोण जाणे, पण मुंग्यांची रांग पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीत चालली होती. बाईंनी मुलांना संग्रहालय दाखवायला न्यावं तशा.

आम्ही पंख पुसला, वाळवला, पुन्हा पुसला आणि गुपचूप टेबलावर नेऊन ठेवला. काकांनी तो उचलला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले.

"भाजणीच्या का?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"थोड्या उरल्यात?"

पुढच्या शनिवारी केकबरोबर चकल्याही न्याव्या लागल्या.

*

रंगवलेला उजवा पंख प्रज्ञाकडे पोचवायचा होता. अजित तो घेऊन पाया लेबारहून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत चढला. पिवळाधमक, जवळजवळ दोन फुटांचा एकटा पंख छातीशी धरून सबंध वेळ उभा. सिंगापूरची माणसं परक्याशी सहसा बोलत नाहीत, फोनमध्ये बघतात. पण शेवटी एका आजोबांना राहवेना.

"ब्रदर, व्हेअर इज द अदर वन?"

अजित शांतपणे म्हणाला, "बुओना व्हिस्टा."

आजोबांनी मान डोलावली आणि आपली सीट पंखाला दिली.

*

खालच्या पंखावर विमानाच्या अंगाला लागून काकांनी एक काळी पट्टी रंगवायला लावली होती. बोटभर लांब. त्यावर सुईने लिहावं इतक्या बारीक अक्षरात "पाय इथे" असंही लिहून घेतलं.

प्रज्ञा म्हणाली, "काका, याच्यावर कोणाचा पाय पडून राहिला? उंदराचा?"

तेव्हा काकांनी सांगितलं. टायगर मॉथमध्ये चढताना पाय त्या पट्टीवरच ठेवायचा. चार बोटं इकडेतिकडे झाला, की कापडातून आरपार! क्लबात हौशी माणसं यायची, पुढच्या सीटवर बसून एक चक्कर मारायची. त्यांचं कोपर धरायचं आणि "पाय इथे, साहेब" म्हणायचं, हे काकांचं काम. मग पुढे जाऊन विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने फिरवायचा, "काँटॅक्ट!" म्हणून ओरडायचं. वैमानिक उलट "काँटॅक्ट!" म्हणाला, की जोरात झटका द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

"सहा वर्षांत शेकडो माणसं चढवली न् उतरवली," काका म्हणाले. "आपण मात्र कधी बसलो नाही."

"एकदाही नाही?" मी विचारलं.

"एकदा ठरलं होतं. इन्स्ट्रक्टर म्हणाले, दिघे, येत्या रविवारी तू. मी पांढरा शर्ट इस्त्री करून गेलो. तर कोण्या साहेबांचे मेव्हणे आले होते."

"मग?"

"मग काय! कोपर धरलं आणि म्हटलं, पाय इथे, साहेब."

पुढच्या महिन्यात ते विमान विकलं गेलं. काका हे हसत हसत सांगत होते. मला मात्र साठ वर्षांपूर्वीच्या त्या मेव्हण्याचा असा राग आला, की मी उठून उगाच केक कापायला घेतला.

*

मग वजनाचं प्रकरण झालं. इथे मॉडेल दीड किलोच्या वर गेलं, की उडवणाऱ्याला वेगळं प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट लागतं. तेवढा वेळ आता उरला नव्हता. फेब्रुवारी अर्धा संपला होता. निखिलच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर विमान ठेवलं. एक किलो पाचशे सत्तर!

सगळ्यांनी अजितकडे पाहिलं. काकांनी रंगाचे दोन हात द्यायला सांगितले होते. त्याने तीन दिले होते.

एक अख्खा शनिवार आम्ही पॉलिशपेपरने रंग घासत होतो. एक किलो पाचशे तीस. चाकांच्या मधल्या भागाला भोकं पाडली. पाचशे बावीस. शेवटी प्रज्ञाने मागच्या सीटवरच्या वैमानिकाच्या बाहुल्याला हातात घेतलं आणि कमरेखाली कापून टाकलं. मी किंचाळलेच.

"वरून कोणाला दिसतंय?" प्रज्ञा म्हणाली.

काकांनी तिचीच बाजू घेतली. "आमच्या इन्स्ट्रक्टरांचं लग्न झालं तेव्हाच आम्हाला कळलं, की ते एवढे बुटके आहेत. तोवर कॉकपिटात बसलेलेच पाहिले होते!"

पुढच्या सीटसाठी दुसरा बाहुला तयार होता. अजितने त्याला मफलर वगैरे घातला होता. काकांनी तो उचलला, हातात थोडा तोलला आणि खिशात टाकला.

"पुढची सीट रिकामी राहू द्या," ते म्हणाले. "वजन वाचेल."

एक किलो चारशे सत्तर. आम्ही टाळ्या वाजवल्या. प्रज्ञाने वाजवल्या नाहीत. ती काट्याकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होती.

*

विमान उडवणार प्रज्ञा. त्यासाठी ती दोन महिने लॅपटॉपवर सराव करत होती आणि रविवारी एका स्वस्तातल्या थर्माकोलच्या विमानावर. एकदा सराव चालू असताना नागपूरहून तिच्या आईचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"पडलं!" प्रज्ञा ओरडली. "पुन्हा पडलं! आता तर सरळ झाडात!"

"कोण पडलं गं बाई?" आई घाबरली.

"विमान, आई."

 मग आई म्हणाली, "आत कोणी होतं का?"

"नाही गं. रिकामं आहे."

"मग रडून काय राहिली? माणूस बसला की नीट उडवजो, झालं!"

*

मार्चचा पहिला रविवार. मॉडेलं उडवायला परवानगी असलेल्या मैदानावर आम्ही सकाळी आठला हजर. गार्ड अंकलनी आपली प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. काका पांढरा शर्ट इस्त्री करून आले होते.

मोटर विजेवर चालणारी, बटणाने सुरू होणारी. पण काकांचा आग्रह, की पंखा हातानेच फिरवायचा. प्रज्ञा म्हणाली, बोट कापून घ्यायचं नाही. शेवटी तह असा झाला होता, की दहा पावलांवर उभं राहून हवेत हात फिरवायचा, "काँटॅक्ट!" ओरडायचं आणि तेव्हा ती बटण दाबेल. काका बाह्या सरसावून पुढे निघाले.

"तुम्ही नाही," प्रज्ञा म्हणाली. "पंखा अजितदादा फिरवेल. तुम्ही खुर्चीत बसा."

काकांचा चेहरा उतरला. "मग मी काय करू?"

तिने पिशवीतून जाड काळा चष्मा काढला. पोहायला घालतात त्याहून मोठा, समोरून पूर्ण बंद. तो काकांच्या डोळ्यांवर चढवला आणि मागचा पट्टा घट्ट केला. आम्हा कोणालाच तिने काही सांगितलं नव्हतं. मी विमानात वाकून पाहिलं. पुढच्या सीटवर कॅमेरा बसवलेला होता, सुपारीएवढा. त्याला दिसेल ते काकांच्या चष्म्यात दिसणार! वजनाचं मी विचारायच्या आत ती म्हणाली, "अठ्ठावीस ग्रॅम. बसते."

"काय दिसून राहिलं, काका?" तिने विचारलं.

काका चाचपडत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "अजितचे मोजे."

अजित गडबडीने दहा पावलं मागे सरकला, हवेत हात फिरवला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "काँटॅक्ट!"

खुर्चीतून आवाज आला, "काँटॅक्ट!" हा आवाज चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा नव्हता.

विमान गवतावरून धडधडत पळालं, शेपूट उचललं आणि वर गेलं. पिवळं, दुहेरी पंखांचं, चकलीच्या तेलाचं आमचं विमान! मी रडत होते आणि रिस्क विभागाची म्हणून खुर्ची धरून उभी होते. बरं झालं धरली. विमान डावीकडे वळलं की काका डावीकडे कलायचे, उजवीकडे वळलं की उजवीकडे. मैदानावर एक पान हलत नव्हतं, घामाच्या धारा लागल्या होत्या आणि काका एका हाताने शर्टाची कॉलर मिटून घेत म्हणाले, "वारा केवढा आहे!"

चार मिनिटं. मग प्रज्ञाने विमान खाली आणलं. दोन उड्या मारून ते गवतात थांबलं. पंखा फिरायचा थांबला.  रिमोट प्रज्ञाने माझ्याकडे दिला.

"काका, उतरलं," मी म्हटलं. "चष्मा काढू?"

त्यांनी माझा हात बाजूला केला. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून ते सावकाश उभे राहिले. उजवा पाय उचलला, काहीतरी ओलांडावं तसा बाहेर काढला आणि तो तसाच अधांतरी धरून थांबले. मग कोपर आमच्या बाजूला पुढे केलं आणि विचारलं,

"पाय कुठे ठेवू?"