नेब्रास्काला जायचं होतं

कार्डिफला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो, तेव्हा आमच्या घरात नवीन काही घ्यायला बंदी होती. पडदे नकोत, कपाट नको. बाळाचा पाळणासुद्धा कुणाकडून तरी मागून आणलेला. "अमेरिकेला जायचंय," हे म्हणायचे, "इथे पसारा कशाला वाढवायचा?"

ह्यांना बढती मिळत नव्हती. मागून आलेले गोरे डॉक्टर पुढे गेले, हे रजिस्ट्रारच, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचेच राहिले. मग ह्यांनी अमेरिकेची परीक्षा दिली, पास झाले, आणि नेब्रास्कातल्या एका लहान गावच्या हॉस्पिटलनं जागा निघाली की बोलावू असं कळवलं. मी पुण्याहून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. जवळच्या शाळेच्या लॅबमध्ये मदतनीस हवी होती. मी विषय काढला तर हे म्हणाले, "दोन महिन्यांत सोडायची ती नोकरी धरायची कशाला? तिकडे गेल्यावर काय हवं ते कर."

त्या दोन महिन्यांचं वर्ष झालं. आमच्या एकुलत्या खिडकीतून हॉस्पिटलच्या बॉयलरची भिंत दिसायची. पाऊस उघडला की मी बाळाला प्रॅममध्ये घालून लायब्ररीत जाऊन बसायची, कारण तिथे ऊब असायची. तिथेच अमेरिकेतल्या राज्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. नेब्रास्का म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत सपाट पाणी. प्लॅट नदी रुंद पण उथळ, वसंतात तिच्या पात्रात क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात. झाडंच नसल्यामुळे पहिल्या वसाहतवाल्यांनी गवताळ मातीची ढेकळं कापून घरं बांधली, आणि झाडं लावण्याचा सणही त्याच राज्यात सुरू झाला. कुठल्याही दिशेला निघा, तीन राज्यं ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि घरी न्यायला प्रॅममध्ये ठेवलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वेल्श सिस्टर राहायची, वॉर्डात रात्रपाळी करायची. एकदा जिन्यात प्रॅम उचलायला मदत करताना तिला ते पुस्तक दिसलं.

"नेब्रास्का? मी संसार केलाय तिथे," ती म्हणाली.

युद्धात इथे आलेल्या एका अमेरिकन सैनिकाशी तिनं लग्न केलं होतं. तिनं मला चहाला बसवलं. मी परीक्षेला बसल्यासारखी माझी सगळी माहिती म्हणून दाखवली. ती हसून म्हणाली, "सगळं खरं आहे. पण वाऱ्याचं काही लिहिलंय का त्यात?"

तिच्या सासरी मक्याचं शेत होतं. हिमवादळात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचे, नाहीतर माणूस आपल्याच अंगणात हरवायचं. सासू झेक होती. ती आलुबुखाराचा मुरंबा भरलेले गोड पाव भाजायची आणि हिला आग्रहानं खाऊ घालायची. गाडी नवऱ्याकडे असायची, शेजारी नजरेच्या टप्प्यात नाही.

"माणसं वाईट होती का?" मी विचारलं.

"छे. फार चांगली. म्हणून तर निघता येत नव्हतं."

"मग आलात कशा?"

ती म्हणाली, "नवरा म्हणायचा, कापणी झाली की शहरात राहायला जाऊ. कापणी दरवर्षी व्हायची. एक दिवस मी मुलीला घेऊन निघाले."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी ह्यांना विचारलं, "अहो, तिकडे गेल्यावर मी काय करायचं?"

"म्हणजे?"

"शाळेतली ती जागा अजून रिकामी आहे का, मी विचारून येते."

"तुला मला इथेच अडकवायचंय का?" ह्यांचा आवाज चढला. "काल माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा माझा साहेब झाला. अडकणं म्हणजे काय, ते तुला काय कळणार!"

एवढ्याशा खोलीत आम्ही दोघं कोंडलेले होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की दार दुसऱ्यानं धरून ठेवलंय.

मी शाळेत गेले. सप्टेंबरपासून या म्हणाले. ह्यांना न विचारता मी हो म्हणून आले. सकाळी रात्रपाळीहून आल्यावर बाळाला सांभाळायचं आणि मग झोपायचं, असं सिस्टरनं कबूल केलं. हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात नेब्रास्काहून बोलावणं आलं. ह्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. "चल," म्हणाले.

"तुम्ही पुढे व्हा. मी वर्षभरानं ठरवते."

असं बोलायची आमच्या घरात कुणाची रीत नव्हती. ह्यांनी चिडावं, निदान रागावून एकट्यानं तिकडे निघून जावं, असं मला मनातून वाटत होतं. हे गेले नाहीत. काही दिवसांनी म्हणाले, "एकट्यानं जाऊन काय करू?" आणि नकार कळवून टाकला.

पुढे सत्तरच्या दशकात ह्यांनी वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यात दवाखाना घेतला. त्या खोऱ्यात जायला इथले डॉक्टर तयार नसायचे, त्यामुळे जागा लगेच मिळाली. मी बसनं शाळेत जात राहिले. पेशंट ह्यांना फार मानायचे. दोन्ही बाजूंना डोंगर, दुपार कलली की ऊन जायचं. दवाखाना बंद करून हे दारात उभे राहायचे, वर बघत म्हणायचे, "तिकडे म्हणे आकाश फार मोठं असतं."

असेल, असं मी कधी म्हणू शकले नाही. मी आत जाऊन दिवा लावायची.