माझा ब्लँक स्वच्छ होता

“मॅडम, हा आकडा खरा असेल तर सोमवारी कमिटी माझा प्रोजेक्ट बंद करते,” मेश्राम म्हणाला.

“आकडा खरा आहे,” मी म्हणाले.

मे महिना होता. नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत मी तेव्हा केमिकल लॅबची इन-चार्ज होते. बाकीचे विभाग खनिजांची सॅम्पल पाठवायचे आणि त्यांत काय किती आहे ते आम्ही सांगायचो. डॉ. मेश्राम मिनरल प्रोसेसिंगमधला कंत्राटी सायंटिस्ट. प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली. खाप्याकडे जुन्या मँगनीज खाणींबाहेर टाकून दिलेल्या मालाचे ढीग पडलेले आहेत. त्यातला फॉस्फरस कमी करून तो माल वापरण्याजोगा करायचा, हे त्याचं दोन वर्षांचं काम.

फॉस्फरस का नको, ते सांगते. मँगनीज पोलादात घालतात. खनिजात फॉस्फरस असला की तोही सोबत पोलादात जातो आणि पोलाद ठिसूळ करतो. म्हणून गिऱ्हाईक आधी तोच आकडा बघतं. मेश्रामच्या मूळ मालाची तपासणी आम्ही हिवाळ्यात केली होती. आता त्यानं प्रक्रिया केलेला माल पाठवला होता, आणि आमच्या रिपोर्टप्रमाणे त्यात फॉस्फरस जवळपास तेवढाच होता. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

“एकाच सॅम्पलचे दोन आकडेही जुळत नाहीयेत, मॅडम.”

“मग माल नीट दळून आणा.”

“एकदा परत करून बघता का?”

“तीनदा केलंय. माझा ब्लँक स्वच्छ आहे.”

ब्लँक म्हणजे काय तेही सांगायला हवं. खनिज आम्लात विरघळवून त्यात ठरलेली रसायनं घालतात. फॉस्फरस असेल तर द्रावण निळं होतं, कपड्यांना देतात त्या निळीच्या पाण्यासारखं. जितकं गडद, तितका फॉस्फरस जास्त. दर वेळी सोबत एक चाचणी खनिज न घालता करायची, तो ब्लँक. तो बिनरंगाचा राहिला की समजायचं, आपल्याकडून काही भर पडलेली नाही. माझा ब्लँक कायम बिनरंगाचा असे. ‘माझा ब्लँक स्वच्छ आहे’ हे वाक्य मी वीसेक वर्षं लोकांच्या तोंडावर मारत आले होते. समोरचा गप्प होई आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मेश्राम रिपोर्ट उचलून निघून गेला. पण दोन दिवसांनी त्याचं आणखी एक सॅम्पल आलं. आम्ही तपासून आकडा दिला. गुरुवारी सकाळी तो दोन रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. एक हिवाळ्यातला, एक कालचा. कालचा आकडा बराच जास्त होता.

“हे दोन्ही एकाच बाटलीतले आहेत मॅडम. मूळ मालच परत पाठवला होता, नवा नंबर टाकून.”

“तुम्ही माझी परीक्षा घेतली?”

“हो मॅडम.”

मला भयंकर राग आला. पण दोन्ही रिपोर्टवर सही माझीच होती आणि त्यातला एक तरी चुकीचा होता, हे कळायला केमिस्ट्री लागत नाही. मी त्याला बसायला सांगितलं. शेल्फवरचे धुतलेले सहा बीकर घेतले. खनिज घातलंच नाही, फक्त आम्ल आणि रसायनं. गरम पाण्यात ठेवून वाट पाहिली. सहाही निळे झाले. काही फिके, दोन चांगलेच गडद. शेजारी ठेवलेला माझा नेहमीचा ब्लँक मात्र पाण्यासारखा स्वच्छ.

मी कुंदाबाईंना हाक मारली. त्या आमच्या लॅब अटेंडंट. ठेकेदाराकडून आलेल्या, खापरखेड्याहून बसनं येत, आणि आठ वर्षं लॅबची सगळी काचेची भांडी त्याच धूत होत्या.

“कुंदाबाई, हे बीकर कशानं धुता?”

“पावडरनं.”

“कुठल्या पावडरनं? आपलं तर लिक्विड आहे.”

त्यांनी सिंकखालून एक डबा काढला. “माही ननंद हॉटेलात हाय ना, तिथं मशीनमंदी भांडे धुवाची पावडर रायते. तिनं देल्ली. लिक्विडनं डाग जात नाई मॅडम. बोरिंगचं पानी हाय, पांढरे डाग पडते. तुमीच तं एप्रिलमंदी म्हनलं होतं, असे बीकर मले परत दिसले नाई पायजे. आता पाहा ना, कशे चमकून राहिले.”

खरोखरच चमकत होते. जड पाण्याचे डाग निघावेत म्हणून अशा काही पावडरींत फॉस्फेट घालतात. ते काचेला चिकटून बसतं. पूर्वीसारखं डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा विसळलं असतं तर बरंचसं निघालं असतं. पण उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, म्हणून ‘एकदाच विसळावे’ अशी सूचना सिंकवर चिकटवलेली होती. अक्षर माझं.

“आणि माझ्या कपाटातली भांडी?”

“त्याले मी काहून हात लावू जी? तुमीच मना केलं होतं.”

हेही बरोबर होतं. ब्लँकसाठी मी भांड्यांचा एक संच कपाटात कुलपात ठेवला होता. तो मी स्वतः आम्लानं धूत असे, दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. त्याला मी काटेकोरपणा म्हणत होते.

मेश्राम इतका वेळ ऐकत होता. तो हळू आवाजात म्हणाला, “म्हणजे ब्लँक तुमच्या भांड्यांत, आणि आमचा माल बाहेरच्या भांड्यांत?”

“हो,” मी म्हणाले. माझ्या माहेरी कामाला येणाऱ्या बाईचा कप वेगळा असायचा, खिडकीत पालथा घातलेला. आपण तसे नाही, असं मी आयुष्यभर समजत होते. त्या दोघांसमोर मला लाज वाटली.

शुक्रवार आणि शनिवार मी मेश्रामची सगळी सॅम्पल नव्यानं केली. सगळी भांडी आम्लानं धुऊन, आणि ब्लँकही त्यातल्याच एका बीकरमध्ये. फॉस्फरस निम्म्यावर आला होता. त्यानं प्रस्तावात म्हटलं होतं तितका कमी नाही, पण निम्म्यावर.

सोमवारी कमिटीसमोर मी आधीचा रिपोर्ट चुकीचा असल्याचं सांगितलं. आमचे विभागप्रमुख माझ्याकडे वाकून म्हणाले, “मॅडम, आपल्या लॅबचा रिपोर्ट आजवर कधी मागे घेतलेला नाही.”

“आज घेतेय सर. आणि एप्रिलपासूनचे फॉस्फरसचे बाकीचे सगळेही.”

कमिटीनं मेश्रामला निम्म्यावरच का, म्हणून तासभर पिळलं. शेवटी सहा महिने मुदतवाढ दिली. तो बाहेर येऊन आधी दोन ग्लास पाणी प्यायला.

चूक झाली की आमच्याकडे एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘कारण’ असा रकाना आहे. विभागप्रमुख म्हणाले, “अटेंडंटने चुकीची पावडर वापरली, असं लिहा. खतम करो. ठेकेदार दुसरी बाई देईल.”

मी लिहिलं, ‘ब्लँक सॅम्पलच्या भांड्यांत केला नाही. एकदाच विसळण्याची सूचना चुकीची होती. जबाबदार : लॅब इन-चार्ज.’ त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

एप्रिलपासूनच्या रिपोर्टांसाठी नऊ ठिकाणी पत्रं गेली. दोघांनी फोन करून मला चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

माझ्यानंतर लॅबमध्ये येणाऱ्यांना मी एवढंच सांगत आले : सॅम्पल ज्या भांड्यात जातं, त्याच भांड्यात ब्लँक करा. वेगळ्या भांड्यातला ब्लँक फक्त तुम्ही किती स्वच्छ आहात ते सांगतो, आणि ते कुणी विचारलेलं नसतं.