जाळावर शेकलेली गिटार

हलगी शेकतात तशी मी गिटार जाळावर शेकली. अजूनही तुराट्यांचा धूर नाकात गेला की बेंबळीतली ती संध्याकाळ आठवते. दुष्काळाचं साल, दूध सोसायटीचं उद्घाटन आणि आमच्या रॉक बँडचा पहिलाच कार्यक्रम. आवाज खुलावा म्हणून शेकायला गेलो, तर सरस वितळून फळीच सुटली! सोलापूरहून आणलेली एकुलती एक गिटार. मी रडकुंडीला आलो. तेवढ्यात आमच्या हलगीवाल्या दत्तूनं एकट्यानं सगळी गाणी उचलून धरली. लोक बेभान नाचले. बँड त्याच दिवशी मोडला, पण पुढं गावोगावची पोरं हलगीवर रॉक गाऊ लागली. त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर मी दत्तूचे हात धरून आभार मानले.

"माजं आभार कशाला? जाळाचं मान," दत्तू म्हणाला. "तू वाजिवली असतीस तर लोकं कवाच उठून गेली असती."